माकडं सोळा की अठ्ठेचाळीस?

रानात माकडांचा एक कळप आहे. कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग करा. तेवढी माकडं झाडांत खेळताहेत. उरलेली बारा टेकडीवर बसून आरडाओरडा करताहेत. तर कळपात माकडं किती?

१६ धरून पाहा. आठवा भाग २, त्याचा वर्ग ४, टेकडीवरची १२ मिळवली की १६. जमलं. आता ४८ धरा. आठवा भाग ६, वर्ग ३६, आणि १२ मिळवून ४८. हेही जमलं. एकीला मागे सारून दुसरी निवडावी असं कोड्यात काही नाही. हे कोडं भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’तलं, म्हणजे इ.स. ११५० च्या सुमाराचं. तिथे भास्कराचार्य दोन्ही उत्तरं बरोबर म्हणून देतात आणि पुढच्या उदाहरणाकडे वळतात.

दहावीच्या मुलाला हे सहजी पचत नाही. तोवरच्या गणिताने त्याला एका प्रश्नाला एक उत्तर ही सवय लावलेली असते. चार वह्यांची किंमत दिली की एका वहीची किंमत निघते, आणि ती एकच असते. वर्गसमीकरणात पहिल्यांदा उत्तरांची जोडी समोर येते. मग तो अवयव पाडायला शिकतो, पूर्ण वर्ग करायला शिकतो, सूत्र घोकतो. जोडी हातात आल्यावर तिचं करायचं काय, याला मात्र एका ओळीपेक्षा जास्त जागा मिळत नाही: ‘परंतु वेग ऋण नसतो, म्हणून दुसरी किंमत त्याज्य.’ माझ्या मते या धड्यातली सगळ्यांत मजेची गोष्ट त्या त्याज्य किमतीतच असते. ती चुकीची नसते. ती शेजारच्या एका वेगळ्या प्रश्नाचं अगदी बरोबर उत्तर असते.

पण त्याआधी समीकरण मांडायला हवं. शाब्दिक उदाहरणात मुलं अडतात ती बहुतेक इथेच. भास्कराचार्य अज्ञात राशीला यावत्तावत् म्हणतात आणि लिहिताना नुसतं ‘या’ लिहितात. एकाहून जास्त अज्ञात असतील तर पुढच्यांना कालक, नीलक अशी रंगांची नावं देतात. आपण क्ष म्हणू. कळपात क्ष माकडं असतील, तर आठव्या भागाचा वर्ग अधिक बारा म्हणजे सगळा कळप:

(क्ष/८)² + १२ = क्ष

इथला कंस महत्त्वाचा. ‘आठव्या भागाचा वर्ग’ आणि ‘वर्गाचा आठवा भाग’ कानाला सारखेच लागतात, पण कंस विसरून क्ष²/८ लिहिलं की समीकरण क्ष² − ८क्ष + ९६ = ० असं होतं, आणि त्याला वास्तव मूळच नाही. मुलगा पुढची सगळी कृती बिनचूक करतो, तरी उत्तर येत नाही, आणि तो दोष देतो सूत्राला. कंस जागेवर ठेवला तर क्ष²/६४ + १२ = क्ष मिळतं. सगळ्याला ६४ ने गुणून एका बाजूला आणलं की

क्ष² − ६४क्ष + ७६८ = ०

शाळेतली पहिली पद्धत अवयवांची. बेरीज ६४ आणि गुणाकार ७६८ येईल अशा दोन संख्या शोधायच्या. २४ आणि ३२ चा गुणाकार ७६८ येतो, पण बेरीज ५६. १२ आणि ६४ घेतल्या तर बेरीज ७६. १६ आणि ४८ घेतल्या की दोन्ही जुळतं. मग (क्ष − १६)(क्ष − ४८) = ० असं लिहायचं, आणि दोन संख्यांचा गुणाकार शून्य असेल तर त्यांतली किमान एक शून्य असते या आधारावर उत्तरं वाचायची. हा आधार फक्त शून्यापुरता आहे. (क्ष − २)(क्ष − ३) = ६ असं दिसल्यावर दोन्ही कंस सहाला समान करणारी मुलं दरवर्षी भेटतात. गुणाकार सहा यायला सहाच लागतात असं थोडंच आहे?

चाचपडत अवयव शोधण्याचा कंटाळा असेल तर एक छान वाट आहे. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातले गणिती पो-शेन लो यांनी २०१९ मध्ये ती शिक्षकांपुढे पुन्हा आणली. दोन संख्यांची बेरीज ६४, म्हणजे त्यांची सरासरी ३२. तर एक संख्या ३२ पेक्षा जितकी कमी, तितकीच दुसरी जास्त. हा फरक ‘फ’ धरा. गुणाकार (३२ − फ)(३२ + फ), म्हणजे १०२४ − फ². तो ७६८ हवा, म्हणून फ² = २५६ आणि फ = १६. उत्तरं १६ आणि ४८. कुठेही अंदाज बांधावा लागला नाही. यातली मूळ कल्पना फार जुनी आहे: बॅबिलोनियातल्या लेखनिकांनी मातीच्या विटांवर सोडवलेल्या बेरीज-गुणाकाराच्या उदाहरणांत अशीच अर्ध्या बेरजेपासून सुरुवात केलेली दिसते, आणि त्या विटा साधारण पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या आहेत.

पूर्ण वर्ग करणं म्हणजे काय, हे चित्रावरून जितकं कळतं तितकं सूत्रावरून कळत नाही. बगदादमध्ये नवव्या शतकात अल-ख्वारिझमी यांनी क्ष² + १०क्ष = ३९ हे उदाहरण चौरस काढून सोडवलं आहे. कागदावर क्ष बाजूचा चौरस काढा. त्याचं क्षेत्रफळ क्ष². आता १०क्ष म्हणजे १० रुंद आणि क्ष लांब असा आयत. तो उभा चिरून ५ रुंदीचे दोन तुकडे करा. एक चौरसाच्या उजवीकडे लावा, दुसरा खाली. आता जी आकृती तयार झाली ती जवळजवळ मोठा चौरसच आहे. फक्त कोपऱ्यातली एक फरशी बसवायची राहून जावी तशी तिच्या एका कोपऱ्यात ५ बाय ५ ची जागा रिकामी आहे. आकृतीचं क्षेत्रफळ ३९ आहे हे माहीतच आहे. त्यात कोपऱ्याचे २५ घाला: ६४. मोठ्या चौरसाची बाजू ८. ती क्ष + ५ आहे, तर क्ष = ३. वहीत आपण ‘मधल्या पदाच्या सहगुणकाच्या निमपटीचा वर्ग दोन्ही बाजूंत मिळवून’ असं यांत्रिकपणे लिहितो, तो हाच रिकामा कोपरा.

या समीकरणाचं दुसरं मूळ −१३ आहे. अल-ख्वारिझमी त्याचा उल्लेखही करत नाहीत. चौरसाची बाजू उणे तेरा कशी असेल? चित्राने जे दिसतं ते लख्ख दिसतं, पण चित्रात न मावणारं उत्तर मुळात जन्मालाच येत नाही.

भारतीय परंपरेने चित्राऐवजी राशींचा मार्ग धरला. त्यात श्रीधराचार्यांची युक्ती मला फार आवडते. पूर्ण वर्ग करताना निमपट घेतली की अपूर्णांक येतात, आणि अपूर्णांक आले की हात थरथरतो. श्रीधराचार्य म्हणतात, आधी दोन्ही बाजूंना वर्गाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणा, मग अज्ञाताच्या सहगुणकाचा वर्ग मिळवा. आपल्या माकडांवर हे करून पाहू. क्ष² − ६४क्ष = −७६८. चारने गुणलं: ४क्ष² − २५६क्ष = −३०७२. चौसष्टाचा वर्ग ४०९६ मिळवला: डावीकडे (२क्ष − ६४)², उजवीकडे १०२४. अपूर्णांक कुठेच नाही. हीच कृती अंकांऐवजी अक्षरांनी केली की दहावीचं सूत्र तयार होतं. श्रीधराचार्यांचा बीजगणितावरचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. हा नियम आपल्यापर्यंत पोचला तो भास्कराचार्यांनी त्यांच्या नावानिशी उद्धृत केला म्हणून.

भास्कराचार्य आपल्याला जवळचे. त्यांचा जन्म १११४ चा, आणि आपलं गाव सह्याद्रीच्या कुशीत असल्याचं ते स्वतः सांगतात. चाळीसगावजवळच्या पाटण इथे त्यांचा नातू चांगदेव याने उभारलेल्या मठाचा शिलालेख आहे. यादव राजा सिंघणाच्या पदरी असलेल्या या नातवाने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून तो मठ काढला. लेखातली तारीख इ.स. १२०७ ची, आणि दानाचा तपशील चक्क मराठीत. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. म्हणजे वर्गसमीकरणांची शिकवणी खानदेशात आठशे वर्षांपूर्वी चालू होती आणि तिचा खर्च गावातून भागत होता.

तर (२क्ष − ६४)² = १०२४. वर्गमूळ घेताना उजवीकडे ३२ येतात. डावीकडे? २क्ष − ६४ किंवा ६४ − २क्ष, दोहोंचाही वर्ग तोच. पहिलं घेतलं तर क्ष = ४८, दुसरं घेतलं तर १६. दोन उत्तरं येतात ती याच जागी. वर्ग करताना चिन्ह पुसलं जातं, आणि वर्गमूळ घेताना पुसलेलं चिन्ह काय होतं हे समीकरणाला आठवत नाही.

भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त माकडांचं आणखी एक कोडं आहे. कळपाचा पाचवा भाग घ्या, त्यातून तीन वजा करा, वर्ग करा. तेवढी माकडं गुहेत शिरली. एक फांदीवर चढताना दिसलं. एकूण किती? समीकरण (क्ष/५ − ३)² + १ = क्ष, म्हणजे क्ष² − ५५क्ष + २५० = ०, आणि मुळं ५० व ५. पन्नासाचा पाचवा भाग १०, तीन वजा करून ७, वर्ग ४९, फांदीवरचं एक: ५०. पाचाचा पाचवा भाग १, तीन वजा करून −२, वर्ग ४, फांदीवरचं एक: ५. आकडेमोड इथेही चोख आहे. तरीही भास्कराचार्य या वेळी पाच हे उत्तर घेत नाहीत. एका माकडातून तीन माकडं वजा करायची म्हणजे ऋण माकडं, आणि अशा ऋण राशीवर लोकांचा विश्वास बसत नाही, असं त्यांचं म्हणणं. लक्षात घ्या, ऋण संख्यांचे नियम त्यांना उत्तम ठाऊक होते. धन संख्येला धन आणि ऋण अशी दोन वर्गमुळं असतात हे त्यांनीच लिहिलं आहे. म्हणजे अडचण गणिताची नव्हती. कोड्यातली माकडं खरी आहेत, आणि उत्तर त्या माकडांना लागू पडलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता.

मग पाच कुठून आले? कोडं थोडं बदला: ‘तिनातून कळपाचा पाचवा भाग वजा करा आणि वर्ग करा.’ पाच माकडं असतील तर तिनातून एक गेलं, दोन उरली, वर्ग चार, फांदीवरचं एक, झाली पाच. उत्तर एकदम सरळ. ‘पाचव्या भागातून तीन’ आणि ‘तिनातून पाचवा भाग’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण वर्ग केला की दोहोंचं समीकरण एकच होतं. दोन कोडी एकाच समीकरणात येऊन बसली, आणि समीकरणाने दोघांचीही उत्तरं दिली.

शाळेत हमखास येणारं गाडीचं उदाहरण याच नजरेने बघू. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते पुणे हे रेल्वेचं अंतर १९२ किलोमीटर. समजा गाडीचा सरासरी वेग ताशी १६ किलोमीटरने वाढवला तर प्रवासाचा एक तास वाचतो. मूळ वेग किती? वेग क्ष धरला तर

१९२/क्ष − १९२/(क्ष + १६) = १

छेद काढले की क्ष² + १६क्ष − ३०७२ = ०, आणि मुळं ४८ व −६४. वेग ऋण नसतो, म्हणून −६४ त्याज्य. वेग ताशी ४८. उत्तरपत्रिकेत इथे दोन रेघा मारून पुढचं उदाहरण सुरू होतं. पण ४८ मध्ये १६ मिळवले तर येतो वाढलेला वेग, ६४. फेकून दिलेल्या उत्तरात नेमका तोच आकडा उणे चिन्ह लावून बसला होता! हा योगायोग नाही. प्रश्न उलटा विचारा: ‘गाडीचा वेग ताशी १६ ने कमी झाला तर एक तास जास्त लागतो, मूळ वेग किती?’ आता समीकरण क्ष² − १६क्ष − ३०७२ = ० येतं आणि मुळं ६४ व −४८. पहिल्या प्रश्नाने टाकलेलं दुसऱ्याने ठेवलं, आणि ठेवलेलं टाकलं. मुलांना याचा एक व्यावहारिक फायदाही आहे. अशा उदाहरणात टाकलेल्या मुळाकडे नुसता डोळा फिरवला तरी आपलं उत्तर ताडून पाहता येतं.

आता पुन्हा पहिल्या कळपाकडे, पण वेगळ्या वाटेने. उत्तर काढायचं सोडून देऊ. कळपात किती माकडं धरली तर हिशेब किती चुकतो, एवढंच पाहू. म्हणजे (क्ष/८)² + १२ यातून क्ष वजा करून काय उरतं ते लिहायचं. शून्य माकडं धरली तर १२ उरतात. ८ धरली तर ५. १६ धरली तर ०. २४ ला −३. ३२ ला −४. ४० ला पुन्हा −३. ४८ ला ०, आणि ५६ ला पुन्हा ५. आकडे खाली उतरतात, ३२ वर तळ गाठतात आणि ज्या पायऱ्यांनी उतरले त्याच पायऱ्यांनी वर चढतात. समीकरणाऐवजी असा सगळा पट पाहणं म्हणजे फलन पाहणं. हे बिंदू आलेखावर मांडून जोडले की अन्वस्त नावाचा वक्र मिळतो, आणि दोन उत्तरं का येतात हे सांगावंही लागत नाही: खाली जाणारा वक्र शून्याची रेघ एकदा ओलांडतो, वर येताना दुसऱ्यांदा. तळ दोन्ही मुळांच्या बरोबर मध्ये, ३२ वर. पो-शेन लो यांची सरासरी ती हीच.

टेकडीवर बाराऐवजी तेरा माकडं बसवली तर प्रत्येक आकडा एकाने वाढतो, सगळा वक्र एक घर वर सरकतो. सोळा बसवली की तळ रेघेला टेकतो: उत्तर एकच, ३२. सतरा बसवली तर वक्र रेघेपर्यंत उतरतच नाही, असा कळपच असू शकत नाही. पुस्तकात ‘विवेचक धन, शून्य, ऋण’ असं जे तीन ओळींत पाठ करायला देतात, ते टेकडीवरच्या माकडांच्या संख्येवरून असं डोळ्यांना दिसतं. टेकडीवर ‘ट’ माकडं असतील तर विवेचक (सूत्रात वर्गमुळाखाली येणारी राशी) २५६(१६ − ट) येतो. मुळं पूर्णांक हवी असतील तर १६ − ट ही पूर्ण वर्ग संख्या पाहिजे; म्हणून टेकडीवर १५, १२ किंवा ७ माकडंच चालतात, कडेची सोळा आणि शून्य सोडली तर. भास्कराचार्यांना बारा कुठून सुचले असतील याचा मला थोडासा अंदाज येतो. प्रश्नपत्रिका काढणारा प्रत्येक शिक्षक आजही हीच खटपट करतो, आणि मुलांना वाटतं की आकडे आपोआप सुटसुटीत येतात.

फलनाचा खरा उपयोग उत्तर शून्य नको, जास्तीत जास्त हवं असतं तेव्हा होतो. समजा एका नाटकाचं तिकीट ३०० रुपये आहे आणि ४०० प्रेक्षक येतात. निर्मात्याचा अंदाज असा की तिकीट दहा रुपयांनी वाढवलं की दहा प्रेक्षक कमी होतात. ‘न’ वेळा दहा रुपये वाढवले तर गल्ला (३०० + १०न)(४०० − १०न), म्हणजेच १००(३० + न)(४० − न). हा गल्ला शून्य कधी होतो? न = ४० असताना, म्हणजे तिकीट ७०० रुपये आणि नाट्यगृह रिकामं. किंवा न = −३० असताना, म्हणजे तिकीट फुकट आणि ७०० प्रेक्षक. ‘वाढ ऋण नसते’ म्हणून इथे −३० खोडलं तर काम अडतं. कारण वक्राचा माथा या दोन मुळांच्या बरोबर मध्ये असतो, आणि मध्य काढायला दोन्ही टोकं लागतात. −३० आणि ४० यांचा मध्य ५. तिकीट ३५० रुपये, प्रेक्षक ३५०, गल्ला १,२२,५०० रुपये. मूळचा गल्ला १,२०,००० होता. माथ्याजवळ वक्र जवळजवळ सपाट असतो: ३४० किंवा ३६० तिकीट ठेवलं तरी १,२२,४०० मिळतातच. अडीच हजार रुपयांसाठी पन्नास खुर्च्या रिकाम्या ठेवायच्या का, हे निर्माता ठरवेल. बहुधा तो तीनशेच ठेवील आणि मध्यंतरात वडे जास्त खपवील.